बेथेल म्हणजे देऊळच : लूथरच्या जर्मनीपासून जालन्याच्या मंडळीपर्यंत उपासनेची गोष्ट

(या भागाच्या ध्वनिमुद्रणाचं हे लिखित रूप. ऐकताना जे बोललो तेच इथे आहे, फक्त अडखळणं काढून टाकलंय.)

देऊळगाव राजाहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, अरे, हा बालाजीच्या गावात बसून ख्रिस्ती उपासनेचा इतिहास काय सांगतोय? तर त्याचं उत्तर नावातच आहे. देऊळ हा शब्द ‘देवकुल’ या संस्कृत शब्दावरून आला. देवकुल म्हणजे देवाचं घर. आणि आमच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर, जालन्याजवळ, बेथेल नावाची एक वस्ती आहे. बेथेल हा हिब्रू शब्द. ‘बेथ’ म्हणजे घर, ‘एल’ म्हणजे देव. म्हणजे बेथेलचं मराठी भाषांतर करायला कुणी बसला, तर तो सरळ ‘देऊळ’ असंच लिहील. एका बाजूला देऊळगाव, दुसऱ्या बाजूला बेथेल. एकाच अर्थाची दोन नावं, दोन भाषांतली.

मधे काय होतं? १८५३ नंतर वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, जालना निजामाकडेच राहिलं. म्हणजे देऊळगाव राजा इंग्रजी अमलात आणि जालना मोगलाईत. जुनी माणसं अजूनही जालन्याकडच्या मुलखाला मोगलाई म्हणतात. त्या मोगलाईत, इंग्रजांच्या फौजेची छावणी असलेल्या जालन्यात, १८६० च्या दशकात एक मराठी ब्राह्मण पाळक कामाला लागला. त्याचं नाव नारायण शेषाद्री. त्याची मंडळी होती स्कॉटलंडची फ्री चर्च, आणि त्याच्या उपासनेचं मूळ जातं थेट सोळाव्या शतकातल्या जिनिव्हापर्यंत.

आज आपण देवशास्त्राच्या वादात शिरणार नाही. मला बघायचंय ते एवढंच : लोक एकत्र जमल्यावर कोणत्या भाषेत बोलत, काय गात, कुठे बसत, आणि कुणाबरोबर खात. साधे प्रश्न आहेत. पण युरोपात या प्रश्नांवरून रक्त सांडलं, आणि आपल्याकडे यांच्यावरून घरं तुटली.

भाषा कुणाची?

सुरुवात जर्मनीपासून करू. मध्ययुगातली मिस्सा लॅटिनमध्ये चाले. पाद्री वेदीकडे तोंड करून मंत्र म्हणायचा, लोक मागे उभे राहून बघायचे. भाकर मिळायची, प्याला फक्त पाद्र्याला. गाणं म्हणायचं ते गायकवृंदानं. आपल्या ओळखीचं चित्र आहे की नाही? पुजारी गाभाऱ्यात, मंत्र संस्कृतात, आणि आपण बाहेर हात जोडून.

मार्टिन लूथरनं १५१७ मध्ये वाद उपस्थित केला तो क्षमापत्रांवरून. पण सामान्य माणसाला त्या सुधारणेची चव लागली ती रविवारी सकाळी. १५२६ मध्ये लूथरची जर्मन मिस्सा छापून आली. त्यानं स्वतः गीतं रचली, जुन्या चाली घेतल्या, आणि सगळ्या लोकांनी मिळून गायचं अशी रीत घातली. प्यालाही सर्वांना दिला.

पण धर्मसुधारणा म्हणजे एकच घर नव्हतं. लूथर गाण्यावर जीव टाकणारा. झुरिचच्या झ्विंग्लीला संगीत उत्तम येत होतं, अनेक वाद्यं तो वाजवायचा, आणि तरीही त्यानं उपासनेतून संगीत काढून टाकलं. झुरिचच्या चर्चमधून ऑर्गन हलवले गेले. तिथे पुन्हा गाणं ऐकू यायला १५९८ साल उजाडलं. जिनिव्हाच्या कॅल्व्हिननं मधला मार्ग धरला : गा, पण फक्त बायबलमधली स्तोत्रं, म्हणजे दाविदाची स्तोत्रसंहिता. वाद्य नको, सगळ्यांनी एकाच सुरात. त्यांचं पूर्ण स्तोत्रपुस्तक १५६२ मध्ये तयार झालं.

इंग्लंडात १५४९ मध्ये ‘बुक ऑफ कॉमन प्रेअर’ आलं. देशभर एकच इंग्रजी प्रार्थनापुस्तक, आणि ते वापरायची कायद्यानं सक्ती. आता गंमत बघा. ‘लोकांच्या भाषेत उपासना’ हा सुधारणेचा नारा. पण कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये त्याच पुस्तकाविरुद्ध लोकांनी बंड केलं. कॉर्नवॉलच्या लोकांचं म्हणणं होतं की आमच्यातल्या कित्येकांना इंग्रजीच कळत नाही! त्यांच्यासाठी लॅटिन जशी परकी, तशीच लंडनची इंग्रजीही परकी. फरक इतकाच, की लॅटिनची कानाला सवय झालेली. ते बंड तलवारीनं मोडलं गेलं, हजारो माणसं मेली.

हे मी मुद्दाम सांगतोय. ‘लोकभाषा’ म्हटलं की आपल्याला वाटतं प्रश्न सुटला. पण लोक म्हणजे कोण, आणि त्यांची भाषा कोणती, हे ठरवतं कोण? हा प्रश्न पुढे नगरला आणि पुण्यालाही येणार आहे. लक्षात ठेवा.

गोव्यातलं पुराण

महाराष्ट्राकडे यायचं तर आधी समुद्राकडून यावं लागतं. रोमन कॅथलिक चर्चनं धर्मसुधारणेला उत्तर म्हणून ट्रेंटची परिषद भरवली, १५४५ ते १५६३. त्यानंतर १५७० मध्ये रोमचं मिस्सापुस्तक प्रमाण ठरलं. लॅटिन कायम राहिली, विधी बारीकसारीक तपशिलांसह ठरला. गोव्यात आणि वसईत पोर्तुगीजांनी आणली ती हीच मिस्सा. आपले ‘पाद्री’, ‘नाताळ’, ‘मिस्सा’ हे शब्द त्या वाटेनंच आले.

पण माणसाला नुसता विधी पुरत नाही. गोष्ट लागते, गाणं लागतं. गोव्यातल्या नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणं हिरावून घेतली गेली होती. मग त्या जागी काय? थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टीत राहिला, मराठी आणि कोकणी शिकला. त्यानं बायबलची कथा मराठी ओवीत लिहिली. तेच ‘क्रिस्तपुराण’, १६१६ मध्ये छापलेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. सतराव्या शतकात त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या, आणि चर्चमध्ये त्याचं वाचन व्हायचं. म्हणजे वेदीवर लॅटिन आणि लोकांच्या तोंडी मराठी ओवी, असा हा दुहेरी संसार.

तो संसारही सुखाचा राहिला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं की लोकांनी ठरावीक मुदतीत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. भाषा तशी मरत नसते, ती मेली नाही. पण ज्या सत्तेच्या छायेत क्रिस्तपुराण छापलं गेलं, त्याच सत्तेनं त्या भाषेवर हात उगारला, हे विसरून चालणार नाही.

नाताळ न पाळणारे मिशनरी

आता प्रोटेस्टंट. मराठी मुलखात पहिले आले ते इंग्रज नव्हेत, अमेरिकन. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या संस्थेला आपण अमेरिकन मराठी मिशन म्हणून ओळखतो. १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ठाणं केलं. हे न्यू इंग्लंडचे, प्युरिटन परंपरेतले लोक. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ पाळणाऱ्याला दंड ठेवला होता! कारण काय, तर बायबलमध्ये त्या सणाचा उल्लेख नाही.

स्कॉटलंडचंही तेच. तिथल्या प्रेस्बिटेरियन मंडळीनं नाताळ बाजूला ठेवला तो इतका, की स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी सुरू झाली ती १९५८ मध्ये. १६३७ मध्ये राजानं त्यांच्यावर इंग्रजी धाटणीचं प्रार्थनापुस्तक लादायला बघितलं, तर एडिंबराच्या सेंट जाइल्स चर्चमध्ये दंगल झाली. जेनी गेडेस नावाच्या बाईनं बसायचं स्टूलच भिरकावलं, अशी आख्यायिका आहे. या लोकांची उपासना म्हणजे लांब प्रवचन, लांब प्रार्थना, आणि वाद्याशिवाय स्तोत्रं. एक जण पुढे उभा राहून ओळ धरायचा, बाकी मागून. ऑर्गनला बंदी. बायबलबाहेरच्या गीतांनाही बंदी.

१८४३ मध्ये स्कॉटलंडची चर्च फुटली. जमीनदारानं पाळक नेमायचा की मंडळीनं, हा तो वाद. जे बाहेर पडले त्यांची फ्री चर्च झाली. मुंबईचे जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचं कॉलेज आजही चौपाटीवर आहे, ते फ्री चर्चबरोबर गेले. आणि त्याच १८४३ साली, सप्टेंबर महिन्यात, मुंबईत नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा झाला.

एक भाकर, एक प्याला

आता आपण मुख्य गोष्टीवर आलो. जरा दमानं घेऊ.

नारायणचा धाकटा भाऊ श्रीपाद. वय साधारण बारा. तोही मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले, आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. पण खरी लढाई नंतर सुरू झाली. श्रीपादचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, पण तो मिशनऱ्यांच्या घरी जेवला होता. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही? ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, प्रायश्चित्त देऊन घ्या. सनातनी मंडळींनी गहजब केला. मुंबई-पुण्यात वाद पेटला, बाळशास्त्र्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला.

बघा, एवढं मोठं वादळ उठलं ते कशावरून? मुलाचं मत काय, श्रद्धा काय, हे कुणी फारसं विचारलं नाही. तो जेवला कुठे, हा प्रश्न होता.

आणि ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानी काय आहे? जेवणच. प्रभुभोजन. भाकर मोडायची, प्याला फिरवायचा. युरोपात या भोजनावरून शंभर वाद झाले. भाकरीत ख्रिस्त प्रत्यक्ष असतो की खूण म्हणून असतो, यावर लूथर आणि झ्विंग्ली १५२९ मध्ये मारबुर्गला समोरासमोर बसले आणि एकमत न होता उठले. तिथला प्रश्न : भाकर म्हणजे काय? आपल्याकडे आल्यावर प्रश्नच बदलला. इथला प्रश्न : शेजारी कोण बसलंय, आणि माझ्याआधी त्या प्याल्याला ओठ कुणी लावले?

त्यात स्कॉटिश रीत बघा. ते लोक प्रभुभोजन घ्यायला वेदीपुढे गुडघे टेकत नसत. गुडघे टेकणं म्हणजे भाकरीची पूजा, असं त्यांचं मत. ते चर्चमध्ये लांबलचक टेबलं मांडत आणि दोन्ही बाजूंनी बसत. मालक, गडी, सगळे एकाच टेबलाला. आपल्या भाषेत सांगायचं तर पंगत. ज्या समाजात पंगत हीच जातीची पक्की रेघ, त्या समाजात पंगतीचीच उपासना करणारी मंडळी आली.

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि १८६० च्या दशकात जालन्याला आले. त्यांच्या मंडळीत जे आले ते मुख्यत्वे मांग समाजातले, ज्यांना आज आपण मातंग म्हणतो. गावकुसाबाहेरची माणसं. दोर वळायचे, केरसुण्या बांधायच्या, हलगी वाजवायची, आणि वेशीच्या आत पाय टाकताना दहा वेळा विचार करायचा. १८७० च्या दशकात, सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना, निजाम सरकारकडून जमीन मिळवून शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. शाळा, शेती, विहीर, आणि मधे प्रार्थनामंदिर.

मी जेव्हा जेव्हा त्या रस्त्यानं जातो तेव्हा एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. धाकट्या भावाचं घर ज्याच्या डोळ्यांदेखत जेवणावरून पेटलं, तो ब्राह्मण हातात भाकर घेऊन उभा आहे आणि मांगाच्या हातात देतोय. मग तोच प्याला. इथे टेबल आहे की सतरंजी, याला फार अर्थ नाही. भाकर एक, प्याला एक. जिनिव्हातल्या किंवा एडिंबरातल्या कुणाच्या स्वप्नातही आला नसेल असा अर्थ त्या विधीला मोगलाईतल्या एका माळावर मिळाला.

शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत बोलले. पगडी बांधलेला हिंदी पाळक बघायला लोक लोटले. १८९१ मध्ये परदेशातून परतताना जहाजावरच त्यांचं निधन झालं.

मग एका प्याल्यानं जात गेली का? नाही. सरळ सांगतो, नाही गेली. अनेक मंडळ्यांमध्ये लग्नं जुळवताना जुनी जात हळूच विचारली जाते. काही ठिकाणी बसायच्या जागा वेगळ्या, काही ठिकाणी दफनभूमीत कोपरे वेगळे, हे देशभर नोंदलं गेलंय. उलट कायद्यानं मात्र धरून चाललं की जात गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. म्हणजे मातंग कुटुंबातला माणूस बाप्तिस्मा घेतो, गावासाठी तो मांगच राहतो, आणि सरकारी कागदावर मात्र तो तसा उरत नाही. प्रभुभोजनाच्या टेबलावर दिलेलं वचन टेबलाबाहेर पुरं झालं नाही, आणि त्याचा भुर्दंड भरतोय तो ज्याला वचन दिलं गेलं तोच.

चाल कुणाची?

आता गाण्याकडे वळू.

इंग्रजी गीतं मराठीत आणताना पहिली अडचण येते ती मात्रांची. मराठी कवितेत ऱ्हस्व-दीर्घाचा हिशोब असतो. इंग्रजी चाल आघातावर चालते, एक अक्षर हलकं, एक जोरात. पुष्कळ इंग्रजी चाली हलक्या अक्षरानं सुरू होतात आणि दुसऱ्या अक्षरावर जोर टाकतात. त्यात मराठी शब्द बसवला की ऱ्हस्व अक्षर ताणलं जातं आणि दीर्घाचा गळा दाबला जातो. वाचताना बरी वाटणारी ओळ गाताना ओळखू येत नाही. वर ऑर्गन किंवा हार्मोनियमवर चार सुरांचा ठेका, आणि गाणाऱ्याच्या कानात लहानपणापासून अभंग, ओवी, भूपाळी.

यावर तोड निघाली ती नगरला. १८६० च्या दशकात तिथल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी कीर्तन सुरू केलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं मोठं नाव. नमन झालं, झांजा-मृदंग आले, आख्यान लागलं. फक्त आख्यान येशूच्या जीवनातलं किंवा उधळ्या पुत्राचं. साकी, दिंडी, आर्या, सगळं ठरल्या जागी. रस्त्यानं जाणारा माणूस थांबायचा, कारण हे त्याच्या ओळखीचं होतं.

ज्या प्युरिटन परंपरेनं एके काळी ऑर्गन आणि नाताळ बाहेर काढले, तिच्याच मिशनच्या आवारात कीर्तनाला मृदंग आला! आणि हे लक्षात घ्या, की स्कॉटलंडच्या फ्री चर्चनं स्वतः बायबलबाहेरच्या गीतांना मान्यता दिली १८७० च्या दशकात, आणि ऑर्गनला १८८३ मध्ये. म्हणजे वाद्याच्या बाबतीत नगरचे मराठी कीर्तनकार एडिंबराच्या पुढे होते.

मग आले नारायण वामन टिळक. कोकणातले, १८६१ चा जन्म. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना नवा करार दिला. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळात लक्ष्मीबाईंवर काय गुजरलं ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्याला सांगायला नको. टिळक नगरला राहिले, ‘ज्ञानोदय’मध्ये लिहीत राहिले, आणि मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहाला, ज्याला आपण ‘उपासना संगीत’ म्हणतो, त्यांनी एवढी गीतं दिली की ती काढली तर पुस्तक रिकामं वाटेल. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते बोलायचे. ‘ख्रिस्तायन’ त्यांनी सुरू केलं, १९१९ मध्ये ते गेले, आणि पुढे ते पूर्ण केलं लक्ष्मीबाईंनी. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं नवऱ्याचं महाकाव्य पुरं केलं, यावर एक वेगळा भाग करायचाय.

आमच्या बुलढाण्याकडे चित्र थोडं वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वऱ्हाडात अमेरिकेचं अलायन्स मिशन आलं : अकोला, अमरावती, खामगाव, मलकापूर, बुलढाणा. त्यांच्याबरोबर मूडी आणि सँकी यांच्या सभांमधली गाणी आली. सोपी चाल, पुन्हा पुन्हा येणारं ध्रुपद, टाळ्या वाजवता येतील असा ठेका. परकी असूनही ही गाणी लोकांच्या तोंडी बसली. जालन्याचे एक आजोबा मला म्हणाले होते, “चाल विलायतची असंल बाबा, पन माय मेली तवा हेच गानं म्हनलं आमी. आता ते आमचंच.” त्यावर मी काय बोलणार?

कुणी म्हणे प्रार्थनापुस्तक, कुणी म्हणे आक्रोश

तिसरा प्रवाह केडगावचा. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये, पण तिथल्या विधींपुढे आणि अधिकारापुढे त्यांनी मान तुकवली नाही. जून १९०५ मध्ये मुक्तिसदनात जे जागरण झालं, त्यात ना प्रार्थनापुस्तक ना ठरलेला क्रम. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या. दुष्काळातून आणि वैधव्यातून आलेल्या त्या मुली. त्यांना इतकी वर्षं तोंड उघडायची मुभाच कुणी दिली नव्हती. उपासनेचा इतिहास लिहिताना लोक पुस्तकं मोजतात. मला हा आवाज तेवढाच महत्त्वाचा वाटतो. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी बायबलही याच धाग्यातलं. पंडिती शब्द टाळून, गावातल्या बाईला कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते बायबल छापून आलं.

नेमका उलटा प्रयोग पुण्याकडे चालला होता. जॅक विन्स्लो नावाच्या अँग्लिकन पाळकानं टिळकांकडून प्रेरणा घेतली, त्यांचं चरित्र लिहिलं, आणि १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ सुरू केला. खादी, जमिनीवर बैठक, साधं शाकाहारी जेवण. व्हेरियर एल्विन १९२७ मध्ये भारतात आले ते याच संघात. विन्स्लो आणि त्याच्या मित्रांनी १९२० मध्ये पुस्तक लिहून मागणी केली की भारतीय चर्चला सोळाव्या शतकातल्या इंग्लंडचा विधी कशाला? त्यांनी केरळातल्या सुरियानी परंपरेचा आधार घेऊन नवा विधी तयार केला, आणि बिशपांनी त्याच्या वापराला मर्यादित परवानगी दिली. १९३० मध्ये इथली अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्यानं वेगळी झाली.

रोमन कॅथलिकांकडे दार उघडलं ते ४ डिसेंबर १९६३ ला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. लोकभाषेला वाट मिळाली. लूथरच्या जर्मन मिस्सेनंतर ४३७ वर्षांनी! वसईच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा सुरू झाली. १९६९ मध्ये भारतासाठी बारा मुद्दे मंजूर झाले : जमिनीवर बसणं, चपला बाहेर काढणं, आरती, पंचांग प्रणाम वगैरे. आणि २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकवाले, स्कॉटिश-अमेरिकन परंपरेतले, आणि प्रौढांनाच बाप्तिस्मा देणारे, सगळे एका छपराखाली.

देशी म्हणजे कुणाचं देशी?

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. परक्या चाली गेल्या, मराठी आली, आरती आली, छान झालं. पण तसं नाहीये.

१९८१ मध्ये अरविंद निर्मल यांनी बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जे भाषण केलं, तिथून दलित ख्रिस्ती धर्मचिंतनाची सुरुवात मानतात. त्या चिंतनातून आलेला सवाल साधा आहे. तुम्ही ‘भारतीय’ म्हणून जे आणताय, संस्कृत मंत्र, आश्रम, आरतीचं तबक, ते कुणाचं भारतीय? ज्या माणसाच्या आजाला त्या आरतीच्या वेळी देवळाच्या पायरीवर उभं राहू दिलं नाही, त्याला तुम्ही म्हणता, ही घे, ही तुझी संस्कृती?

आता कॉर्नवॉल आठवा. लंडननं सांगितलं, ही तुमची भाषा. ते म्हणाले, ही आमची नाही.

मला या सवालाचं वजन पुरतं मान्य आहे. पण पुढे जाऊन मी एक म्हणेन. बेथेलच्या लोकांजवळ त्यांचं स्वतःचं वाद्य होतं : हलगी. मातंग समाजाच्या हातातली हलगी, जिच्याशिवाय गावचं लग्न होत नव्हतं आणि मयत उठत नव्हती. मिशनऱ्यांनी हार्मोनियम दिला, ब्राह्मण कवींनी अभंग दिला, विन्स्लोनं आश्रम दिला. हलगीला उपासनेत मानाची जागा द्यायची हे मात्र त्या काळच्या या थोर माणसांना सुचलं नाही. एका परीनं ते समजण्यासारखंही आहे. ती हलगी वाजवणं हे बलुतं होतं, जुलमाचं काम होतं. ते खाली ठेवायचं म्हणून तर ती माणसं बेथेलला आली होती. त्यामुळे हलगी आणायची का, हे बाहेरच्यानं ठरवायचं काम नाही. मीही ठरवणार नाही. पण ‘देशी उपासना’ या नावानं चर्चा निघाली की त्या खोलीत हलगी वाजवणाऱ्यांची नातवंडं बसलेली आहेत का, एवढं तरी बघायला हवं.

आज शहरातल्या मंडळ्यांत कीबोर्ड, ड्रम, हिंदी-मराठी मिश्र गाणी, भिंतीवर पडद्यावर शब्द. तरुण पोरं मनापासून गातात. नाकं मुरडू नका. सँकीच्या गाण्यांनाही लोकांनी नाकं मुरडली होती. फक्त एक नुकसान होतंय. गीताच्या पुस्तकात शब्द छापलेले असतात, पण नगरच्या कीर्तनातली साकी नेमकी कशी म्हणायची, जालन्याकडे अमुक गीताचं ध्रुपद कसं वळवायचे, हे पुस्तकात नाही. ते ऐंशी वर्षांच्या आज्यांच्या गळ्यात आहे.

म्हणून शेवटी एक काम सांगतो. तुमच्या ओळखीत कुणी म्हातारी ख्रिस्ती मंडळी असतील, मग ती जालन्याची असोत, नगरची, वसईची किंवा खामगावची, त्यांच्याकडे जा. मोबाइल समोर ठेवा आणि म्हणा, आजी, तुमच्या लहानपणी देवळात कसं गायचे ते म्हणून दाखवा. चहा घ्या, घाई करू नका. आणि त्यांनी ताटात काही वाढलं, तर जेवूनच उठा. या सगळ्या इतिहासात त्याचं मोल काय आहे ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या भागात लक्ष्मीबाई टिळक. तोवर राम राम, जय भीम, आणि जालन्याकडच्या मित्रांना सलाम. भेटू.